रांगेतील जागा

पोळ्याच्या दिवशी सूर्य मावळतीकडे कलू लागला म्हणजे वऱ्हाडातील कोणत्याही गावात, आणि म्हणून बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील जानेफळासारख्या गावातही, शिंगांना बेगड लावलेले आणि पाठीवर झूल पांघरलेले बैल तोरणाखाली ओळीने उभे केले जातात, वाजंत्री वाजू लागते, एकमेकांना चिमटे काढणाऱ्या झडत्या रंगात येतात, आणि मानाच्या जोडीने पाऊल उचलल्यावाचून दुसऱ्या कोणाच्या जोडीला तोरणापुढे सरकता येत नाही. हा मान बैलाच्या बळावर ठरत नसे. तो मालकाच्या वतनावर ठरे. पाटलाचा थकलेला बैल पुढे आणि कुळाची तेजदार, वशिंड डोलवणारी जोडी मागे, ही व्यवस्था इतकी जुनी की तिचे कारण कोणी विचारीत नसे. विचारले तर ते कोणाच्या घराण्याचा मान मोठा एवढ्यापुरतेच, आणि त्या तंट्यांपायी कित्येक गावांत डोकी फुटली आणि प्रकरणे कचेरीपर्यंत पोहोचली.

जुन्या गावगाड्यात अशा रांगा पुष्कळ होत्या. पंगतीची रांग होती, पाणवठ्याची होती, देवळाच्या पायरीची होती. आणि त्या प्रत्येकीत कोणी कोठे बसावे, कोणी किती अंतरावर थांबावे आणि कोणी मुळीच येऊ नये, हे त्या माणसाच्या जन्माआधीच मुक्रर झालेले असे. ज्या संघटनेची कथा येथे सांगावयाची आहे तिनेही मुलांना संध्याकाळी मैदानावर बोलावून सर्वांत आधी रांगच धरावयास लावली; परंतु त्या रांगेचा कायदा एकच होता, आणि तो म्हणजे उंचीचा. हा कायदा तिने शोधून काढला नव्हता. पलटणीत आणि शाळेत तो पूर्वीपासून चालत आलेला होता. मात्र पलटणीत ज्याचा उपयोग केवळ शोभेसाठी आणि सोयीसाठी होत असे, त्यात एक सामाजिक अर्थ दडलेला आहे हे ओळखून त्याच्या पायावर तरुणांची एक चळवळ उभारणे, हे कार्य राष्ट्र सेवा दलाचे होय.

ह्या कथेचा आरंभ पुण्यात नसून नागपुरात आहे, आणि जानेफळच्या दृष्टीने ते यथायोग्यच आहे. मेहकर हे नाव मुलकी दप्तराला नवे नव्हे. अकबराच्या अमदानीतील ‘ऐन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये ते नमूद आहे. पुढे हा मुलूख निजामाकडे गेला, १८५३ च्या तहाने त्याचा कारभार इंग्रजांच्या हाती आला, १९०२ च्या कराराने सालिना २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात तो कायमच्या पट्ट्याने त्यांनी घेतला, आणि दुसऱ्याच वर्षी तो मध्यप्रांताला जोडला गेला. त्यामुळे मराठी बोलणारा, विठोबाला भजणारा, ज्वारीची भाकरी खाणारा आणि कापूस पिकवणारा जानेफळचा शेतकरी सरकारी कामकाजापुरता पुण्या-मुंबईच्या इलाख्याबाहेरचा होता. त्याची राजधानी नागपूर, आणि राष्ट्रीय सभेची, म्हणजे काँग्रेसची, त्याची शाखाही विदर्भाची, महाराष्ट्रापासून निराळी.

त्या नागपुरात डिसेंबर १९२० मध्ये राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले आणि असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब झाले. तोपर्यंत सभेला व्याख्याने पुरत होती; ह्यापुढे तिला माणसे हवी होती, आणि माणसे आली ती लोंढ्याने आली. लोंढ्याचे सामर्थ्य काय असते हे देशाने पाहिले, आणि त्याचे भय काय असते हेही फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौऱ्याला पाहिले. जमाव पेटला की त्याला आवरणारे कोणी नसते, आणि लाठीमार सुरू झाला की तो फुटतो, ह्या दोन्ही दोषांवर एकच उतारा होता : जमावाची रांग करणे. हे ज्यांनी स्पष्टपणे जाणले ते डॉ. नारायण सुब्बराव हर्डीकर मूळचे धारवाडकडचे. अमेरिकेत शिक्षण घेत असता लाला लजपतराय यांच्या सहवासात त्यांनी होमरूलचे कार्य केले, आणि मायदेशी परतल्यावर हुबळीत सेवामंडळ काढून तरुणांना कवायत, शिस्त आणि सेवा ह्यांचे धडे देण्यास प्रारंभ केला.

१९२३ च्या उन्हाळ्यात नागपुरास झेंडा सत्याग्रह सुरू झाला. चरख्याचे निशाण घेऊन सरकारी वस्तीतून मिरवणूक नेण्यास मनाई होती. ती मनाई मोडण्यासाठी शेठ जमनालाल बजाज ह्यांच्या नेतृत्वाखाली प्रांतोप्रांतीच्या तुकड्या येऊ लागल्या, आणि जमनालालजी गजाआड गेल्यावर वल्लभभाई पटेलांनी ती धुरा उचलून ऑगस्टमध्ये लढा सन्मानाने मिटवला. ह्या लढ्यात हुबळीची तुकडीही होती. तुरुंगातील जाचाने हतबल होऊन कित्येकांनी माफीचे कागद लिहून दिले असताना हर्डीकरांच्या स्वयंसेवकांनी ते लिहून देण्याचे साफ नाकारले, ही गोष्ट राष्ट्रीय सभेच्या पुढाऱ्यांच्या मनात ठसली. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस काकिनाड्याच्या अधिवेशनात हिंदुस्थानी सेवा दलाची स्थापना होऊन त्याचे पहिले अध्यक्षपद जवाहरलाल नेहरूंकडे आले. पुढल्या वर्षी, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावला भरलेल्या अधिवेशनाची व्यवस्था ह्या दलाने चोख ठेवली. गांधीजींच्या अनुयायांपैकी काहींना कवायतीचा हा थाट अहिंसेशी विसंगत वाटे. परंतु १९३१ मध्ये राष्ट्रीय सभेने दलाला आपली अधिकृत स्वयंसेवक संघटना म्हणून स्वीकारले, आणि १९३२ मध्ये सरकारने त्यावर बंदी घालून ते किती उपयुक्त होते ह्याची एक प्रकारे सनदच दिली.

वऱ्हाडालाही कवायतीचे वावडे नव्हते. अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये काढलेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ लाठी, लेझीम आणि मल्लखांब ह्यांचे विद्यापीठच होऊन बसले होते, आणि १९३६ मध्ये त्याच्या पथकाने बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी तेथे जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. १९३० च्या जुलैत लोकनायक बापूजी अणे ह्यांनी पुसदला जंगल सत्याग्रहाचा प्रारंभ केला तेव्हा खेड्यापाड्यांतील माणसे विळे घेऊन ओळीने राखीव रानात शिरली होती. परंतु ज्या बर्लिनमध्ये अमरावतीचे तरुण मल्लखांब करीत होते, त्याच बर्लिनच्या रस्त्यांवरून नाझींच्या तपकिरी सदऱ्यांच्या रांगाही चालत होत्या. आणि रांग ही वस्तू स्वतः निर्दोष नाही, ती माणसाला धैर्य देते तशी त्याची बुद्धी गहाणही टाकून घेते, हे त्या दशकात विचारी माणसांना उमगू लागले होते.

पुण्यातील तरुण समाजवादी कार्यकर्त्यांपुढे १९४१ मध्ये जो प्रश्न उभा होता तो ह्या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे. वैयक्तिक सत्याग्रहाच्या त्या काळात अनेक पुढारी तुरुंगात होते. शहरातील हुशार मुले मैदानावरील खेळाच्या, गाण्याच्या आणि बरोबरीच्या मित्रांच्या ओढीने राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या शाखांकडे जात होती. १९२५ मध्ये नागपुरास डॉ. हेडगेवारांनी स्थापन केलेली ती संघटना हिंदूंच्या एकजुटीचे ध्येय ठेवून वाढत होती. मुलांना मैदान हवे, सोबती हवेत, आणि आपण कशाचे तरी आहोत ही भावना हवी, ह्यात गैर काही नाही. प्रश्न हा, की त्या मैदानावर मुसलमानाचा, ख्रिस्त्याचा आणि अस्पृश्याचा मुलगा त्याच हक्काने उभा राहील की नाही. ह्या प्रश्नाचे उत्तर म्हणून ४ जून १९४१ रोजी राष्ट्र सेवा दलाची उभारणी झाली. एस. एम. जोशी दलप्रमुख झाले, आणि त्यांच्याभोवती ना. ग. गोरे, शिरूभाऊ लिमये, वि. म. हर्डीकर, भाऊसाहेब रानडे अशी मंडळी जमली.

एस. एम. आणि नानासाहेब गोरे ह्यांना देवळाच्या रांगेचा अनुभव आधीच आलेला होता. १९२९ च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पर्वतीवरील देवस्थान अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून सत्याग्रह झाला, तेव्हा हे दोघे तरुण त्यात सामील होते आणि पायऱ्यांवर सनातन्यांच्या दगडांचा व शिव्यांचा प्रसाद सत्याग्रहींना मिळाला होता. देवळाची पायरी मोठ्यांच्या हट्टाने अडलेली आहे. ती मोकळी करावयाची तर दहा वर्षांच्या मुलापासून आरंभ केला पाहिजे, हा धडा त्या डोंगरावरून सेवा दलाच्या मैदानावर आला असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

शाखेचा कार्यक्रम साधा असे. सायंकाळी शिट्टी वाजे, मुले धावत येत, उंचीप्रमाणे रांग धरीत, ‘दक्ष’ आणि ‘आराम’ होई. झेंडावंदन, कवायत, लेझीम, हुतूतू, मग समूहगान, गोष्ट किंवा बौद्धिक, आणि शेवटी प्रार्थना. सुटीत शिबिरे भरत. तेथे स्वयंपाक, भांडी आणि सफाई ह्यांच्या पाळ्या लागत, आणि ज्याच्या घरी संडास झाडणे हे एका विशिष्ट जातीचेच काम मानले जाई तो मुलगा हातात खराटा घेऊन आपली पाळी करीत असे. घरून आलेला जातीचा अहंकार व्याख्यानाने जात नाही, परंतु कोणी वाढलेली आणि कोणी रांधलेली भाकरी आहे हे न विचारता आठ दिवस ती खाल्ली म्हणजे तो निदान ढिला होतो. मुलींच्या शाखा आणि मुलामुलींची एकत्र शिबिरे हे त्या काळी धाडसच होते. अनुताई लिमये, प्रमिला दंडवते ह्यांच्यासारख्या कार्यकर्त्या त्या वातावरणात तयार झाल्या, आणि जात न पाहता झालेल्या कित्येक विवाहांची मुळेही त्याच शिबिरांत सापडतात.

संघटनेला जेमतेम वर्ष होते न होते तोच ऑगस्ट १९४२ उजाडला. कवायत शिकलेली मुले पत्रके पोचवू लागली, निरोप नेऊ लागली, भूमिगतांना आसरा शोधू लागली. खुद्द दलप्रमुख दाढी वाढवून ‘इमाम अली’ ह्या नावाने मुंबईत वावरत होते. सर्व धर्मांची मुले एका रांगेत उभी करणाऱ्या माणसाने संकटकाळी मुसलमानाचे नाव धारण करावे आणि ते त्याला शोभून दिसावे, ह्यात एक औचित्य आहे. इकडे विदर्भातही तो महिना पेटला होता. आष्टी आणि चिमूर येथील उठाव १६ ऑगस्टला झाले, आणि ज्यांच्या खंजिरीने हे खेड्यांतील तरुण जागे झाले होते त्या तुकडोजी महाराजांना सरकारने कैदेत टाकले.

सेवा दलाच्या आयुष्यातील सर्वांत उज्ज्वल पर्व मात्र तुरुंगाशी निगडित नाही, ते पंढरपूरशी आहे. खानदेशातील अमळनेरच्या शाळेत शिक्षक असलेले, नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहून घरोघर पोचलेले साने गुरुजी सेवा दलाच्या मुलांचे दैवतच झालेले होते. विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्यांना खुले झाल्यावाचून आपण अन्न घेणार नाही, असा निश्चय त्यांनी जाहीर केला, तेव्हा मित्रांच्या आग्रहाने तो काही महिने पुढे ढकलून त्यांनी महाराष्ट्राचा दौरा केला. बरोबर सेवा दलाचे कलापथक होते. गावोगाव पोवाडा होई, गुरुजी बोलत, आणि कोठे विहीर तर कोठे देऊळ खुले होई. १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू झाले, आणि मंदिर खुले करण्याचे मान्य झाल्यावर १० मे रोजी ते सुटले. स्वराज्य तीन महिन्यांवर येऊन ठेपले होते. विठोबाच्या पायांशी जाण्याचा चोखोबाच्या वारसांचा हक्क त्याआधी पदरात पडला.

वऱ्हाडाला ही वार्ता परकी वाटण्याचे कारण नव्हते. ह्याच भूमीतल्या गाडगे महाराजांनी हातात खराटा घेऊन गावे झाडली, पंढरपुरास जाऊनही विठ्ठलाच्या देवळात पाऊल न टाकता चोखामेळ्याच्या नावाची धर्मशाळा उभारली. आणि अमरावतीचे अंबादेवीचे देऊळ अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून डॉ. पंजाबराव देशमुखांनी १९२७ च्या सुमारास चळवळ केली. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपुराहून परतताना आजही मेहकरहून जानेफळमार्गे खामगावकडे जाते. पांढऱ्या वेषातले वारकरी दुहेरी ओळीने, टाळांच्या ठेक्यावर पावले टाकीत गावातून निघतात, तेव्हा त्यांच्या शिस्तीचे कौतुक सर्वच करतात. परंतु ती ओळ ज्या देवळाकडून परत आलेली असते त्याचे दार सर्वांसाठी उघडावे म्हणून एका कृश मास्तराला दहा दिवस उपाशी राहावे लागले, हे त्या कौतुकात सहसा कोणी आठवत नाही.

कलापथक ही सेवा दलाने महाराष्ट्राला दिलेली दुसरी मोठी देणगी होय. तमाशाला शिष्टसमाजात मान नव्हता आणि नाटक खेड्यापर्यंत जात नव्हते. सेवा दलाने वगाचा आणि पोवाड्याचा बाज उचलून त्यात नवा आशय भरला. वसंत बापट आणि लीलाधर हेगडे ह्यांनी त्यासाठी आपली प्रतिभा आणि कंठ वेचला, पु. ल. देशपांडे ह्यांनी ‘पुढारी पाहिजे’ हे लोकनाट्य ह्याच कलापथकासाठी लिहिले. पुण्यात माळीकाम करणारे निळू फुले, नाभिक घराण्यातून आलेले राम नगरकर, मुंबईत अपना बाजारच्या दुकानात नोकरी करणारे दादा कोंडके, हे पुढे अवघ्या महाराष्ट्राचे झालेले नट प्रथम ह्या पथकांच्या फळकुटांच्या रंगमंचावर उभे राहिले. ज्यांना गावच्या पंगतीत कडेची जागा मिळाली असती त्यांना येथे मध्यावर उभे राहावयास मिळाले, आणि त्यांच्या बोलीतच त्यांनी गावाला हसवून गावाचेच दोष दाखवले.

स्वातंत्र्यानंतर समाजवादी मंडळी राष्ट्रीय सभेतून बाहेर पडली. सेवा दल हे पक्षाचे हत्यार व्हावे की पक्षापलीकडील संस्कारपीठ राहावे, ह्या वादात दुसऱ्या मताचे वजन अधिक पडले. साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले, भाषाभाषांतील भिंती पाडणाऱ्या आंतरभारतीचे स्वप्न १९४९ मध्ये मांडले, आणि ११ जून १९५० रोजी स्वतःच्या हाताने देह ठेवला. त्या आघातातून संघटना सावरली ती कामाने. १९५५ च्या मे महिन्यात नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट गोव्याच्या सरहद्दीत शिरले, आणि त्यांच्यामागून निघालेल्या तुकड्यांत सेवा दलाचे तरुण होते. पुढे दुष्काळ आला, भूकंप झाले. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर पोरक्या मुलांसाठी नळदुर्गला पन्नालाल सुराणा आणि सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी ‘आपलं घर’ उभारले.

दरम्यान रांगेचे काम सरकारने स्वतःकडे घेतले होते. १९४८ च्या कायद्याने राष्ट्रीय छात्रसेना निघाली, १९५० मध्ये निरनिराळ्या बालवीर संघटना एकत्र होऊन भारत स्काऊट्स आणि गाइड्स ही संस्था झाली, आणि गांधीजींच्या जन्मशताब्दीत, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतून राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. गणवेश, प्रमाणपत्र आणि अनुदान ह्यांचे बळ असलेल्या ह्या योजनांपुढे पदरमोड करून चालणारी शाखा टिकणे अवघड होते. शिवाय सेवा दलाची धुरा बहुतांशी पुण्या-मुंबईकडील मध्यमवर्गीयांच्या खांद्यावर राहिली. १९६० मध्ये विदर्भ महाराष्ट्रात आला तरी वऱ्हाडाच्या खेड्यात सायंकाळी जी माणसे एकत्र बसत ती बहुधा तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला. ही उणीव मान्य केली पाहिजे. मात्र शाखा आणि प्रार्थना ह्या दोन्ही ठिकाणी बैठकीचा नियम एकच, जात न पाहण्याचा, होता, हेही तितकेच खरे. आणि ज्यांनी शाखा सोडली त्यांनी शाखेचा धडा सोडला असे झाले नाही, डॉ. बाबा आढाव ह्यांनी सत्तरच्या दशकात ‘एक गाव, एक पाणवठा’ ही मोहीम हाती घेतली तेव्हा सेवा दलाच्या मैदानावरची रांग विहिरीच्या काठापर्यंत गेली, एवढेच.

आज पंधरा ऑगस्टच्या सकाळी जानेफळसारख्या कोणत्याही गावच्या शाळेच्या पटांगणात गुरुजी ‘उंचीप्रमाणे उभे राहा’ असे सांगतात आणि मुले एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून मापे घेऊ लागतात, तेव्हा शेजारचा कोणत्या आळीतून आला हे कोणाच्या ध्यानीमनी नसते. कधी काळी ह्यावरून वाद होता हे त्यांना सांगितले तर ती हसतील. त्याच श्रावणाच्या अमावास्येला गावच्या तोरणाखाली बैलांची रांग लागते आणि तेथे मान अजून ज्याचा त्यालाच लागतो. दोन्ही रांगा मुले पाहतात. पहिल्या रांगेत गेल्या वर्षी सर्वांत पुढे उभा असलेला मुलगा यंदा चार बोटे वाढल्यामुळे तीन जागा मागे सरकलेला असतो, आणि मागे सरकल्याचा त्याला अभिमान वाटत असतो.